छत्री आणि दोन किल्ल्या

“ह्येच्यावर मी नाव घालायचा न्हाय,” सिद्धाप्पा सराफानं कटोरा गादीवर पालथा ठेवला आणि डोळ्याचं भिंग काढलं. “दुसऱ्याचं भांडं हाय ह्ये.”

सिकंदर कल्हईवाला गुजरीतल्या त्या दुकानाच्या पायरीवर टेकला होता. त्याला वाटलं, सराफ थट्टा करतोय.

“आण्णा, माझ्या बापाचं हाय ते. मला मिसरूड फुटायच्या आदीपास्नं घरात हाय. शुक्रवारी रशिदाचा निका. तिचं नाव घाला म्हणून आणलं की.”

“बापाचं हाय, तर मग ही खूण कुणाची?”

सिद्धाप्पानं भिंग त्याच्या हातात दिलं. कटोरा चांदीचा, ओंजळीएवढा, दोन कानांचा. इतकी वर्षं तो काळा पडून फडक्यात गुंडाळलेला होता. लग्नासाठी म्हणून कालच मेहरुन्निसानं रिठ्याच्या पाण्यानं आणि राखेनं घासला, तेव्हा तो उजळला आणि बुडाची खूणही उजळली. सिकंदरनं भिंगातून पाहिलं. मसुरीच्या दाण्याएवढा ठसा. त्यात एक छत्री, आणि छत्रीखाली एकमेकींवर तिरक्या टाकलेल्या दोन किल्ल्या. शेजारी शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट आणि तिच्यात दोन अक्षरं.

“अक्षरं कसली?”

“इंग्रजी दिसत्यात. ती सोड. छत्र बघ.” सिद्धाप्पानं रस्त्याकडं बघून आवाज उतरवला. “आपल्या गावात छत्र कुणाचं, त्ये मी सांगाय पायजे व्हय? अन् किल्ल्या म्हंजे कोठार. ह्यो कटोरा छत्रपतींच्या जामदारखान्यातला हाय, सिकंदर. तुझा बाप राजवाड्यात फरास व्हता न्हवं?”

“व्हता.”

“मग झालं तर. उचल आन् घरला जा. तू दावला न्हाईस, मी बघितला न्हाय.”

सिकंदर उठला. त्यानं कटोरा फडक्यात बांधला.

दुसऱ्या कुणाला असं सांगितलं असतं तर त्यानं सराफाशी चार शब्द भांडण केलं असतं. पण सिकंदरचा सगळा जन्म भांड्यांवरच्या खुणांवर गेला होता. दारोदार हिंडून तांब्यापितळेची भांडी गोळा करायची, गल्लीच्या तोंडाला खड्डा खणून भाता लावायचा, नवसागराचा धूर डोळ्यांत घ्यायचा, कथलाचा हात फिरवायचा आणि संध्याकाळी ज्याचं भांडं त्याच्या दारात पोचवायचं. त्याला अक्षर येत नव्हतं. पण बयाबाईच्या हंड्यावर मासोळी, तालमीच्या घंगाळावर गदा, जंगमाच्या परातीवर लिंग, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. भांड्यावरची खूण म्हणजे मालक, एवढी एकच विद्या त्याच्याजवळ होती आणि ती कधी खोटी पडली नव्हती. आता तीच विद्या त्याच्या बापाच्या मुळावर उठली होती.

बाप बादशहा फरास. सतरंज्या घालायच्या, दिवे लावायचे, तंबूचे दोर ताणायचे हे त्याचं काम. राजाराम महाराजांची स्वारी विलायतेला गेली तेव्हा तोही बरोबर गेला. महाराज परतीच्या वाटेवर इटलीतल्या फ्लॉरेन्स गावी वारले, ते सगळ्या कोल्हापूरला ठाऊक आहे. बरोबरची माणसं मान खाली घालून परत आली. बादशहाच्या बोचक्यात हा कटोरा होता. कुठून आणला, तो बोलला नाही. “माझ्या नातीला द्या. आन् घासू नगा त्येला,” एवढंच मरताना म्हणाला. घासू नका असं का म्हणाला, हे सिकंदरनं आजवर मनात आणलं नव्हतं. आता गुजरीतून घरी जाताना दर पावलाला तेच मनात येत होतं.

मेहरुन्निसानं सगळं ऐकून घेतलं आणि ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, “खूण घासून टाका की. कानस न्हाय व्हय तुमच्याकडं?”

“दुसऱ्याची खूण घासू? मी? अगं, हात झडतील माझे.”

“मग पंचगंगेत टाका. शुक्रवारी कुरुंदवाडचे पावणे यायलेत, आन् तुम्ही छत्री छत्री करत बसा. एवढी वर्षं कुणी मागाय आलं न्हाय. त्या राजवाड्यात असले शंभर आसतील.”

“शंभर आसले तरी त्यांचे हायत.”

रशिदा दाराआड तांदूळ निवडत होती. ती सूप घेऊन पुढं आली. पोरगी आईसारखी तोंडाळ नव्हती, पण बोलली की वर्मावर बोलायची.

“अब्बा, म्हंजे आजा चोर व्हता?”

सिकंदरनं तिच्याकडं पाहिलं. हो म्हणवत नव्हतं, नाही म्हणायला हातात काही नव्हतं. उद्या सासरी कुणी खूण बघितली तर हाच सवाल तिला चारचौघांत विचारतील, आणि तीही अशीच बघत राहील.

“परत करून येतो,” तो म्हणाला.

“आन् धरून ठेवलं तर?” मेहरुन्निसानं भाकरी तशीच टाकली.

“तर ठेवतील. भांडं मालकाच्या दारात पोचवल्याबिगर मला जेवण गेलंय का कवा?”

सकाळी तो धुतलेला सदरा घालून जुन्या राजवाड्याकडं गेला. भवानी मंडपात उभं राहून त्यानं मनातल्या मनात वाक्य जुळवलं. जामदारखान्याच्या कारकुनापुढं गेल्यावर ते सगळं उडालं.

“सरकार, ह्यो तुमचा कटोरा. माझ्या बापाकडं ऱ्हायलता.”

कारकुनानं कटोरा उजेडात धरला. खूण पाहिली, वाटीच्या आत बोट फिरवलं, वजन केल्यासारखा तळहातावर झुलवला.

“आमचा नाही हा.”

“छत्र हाय की, सरकार.”

“छत्र काय, माझ्या घरच्या छत्रीलापण आहे. आमचा शिक्का असा नसतो आणि आम्ही किल्ल्या काढत नाही, कमरेला लावतो.” कारकून हसला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, डोळे बारीक करून म्हणाला, “चोरीचा माल लोक इथून नेतात. तू आणून द्यायला लागलास. तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?”

“त्येच कळंनासं झालंय,” सिकंदर खरं तेच बोलला.

बाहेर आला तेव्हा त्याला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दरबारचा नाही, मग कुणाचा? आगीतून निघून फुफाट्यात पडावं तसं झालं. भांडं आहे, खूण आहे आणि मालक नाही, असं त्याच्या हयातीत कधी घडलं नव्हतं.

मंडपाच्या कमानीखाली कायतान उभा होता. हा गोव्याचा किरिस्ताव, दरबारच्या बँडात कर्णा वाजवायचा. त्याच्या घरच्या पातेल्यांना सिकंदरच कल्हई करी.

“काय रे सिकंदर, तोंड असं का? कुणी गेलं काय?”

सिकंदरनं कटोरा पालथा करून दाखवला. कायताननं पाहिलं आणि पटकन छातीवर क्रूस काढला. मग वाकून त्यानं त्या खुणेचं चुंबनच घेतलं.

“देवा रे सायबा! ह्या सां पेद्रूच्या चाव्या, आमच्या संताच्या. सर्गाच्या दाराच्या. हे आमच्या पापासायबाचं, रोमचं.”

“कुणाचं?”

“आमचा सगळ्यांत मोठा पाद्री. रोममध्ये बसतो.”

“म्हंजे देवळातलं हाय ह्ये?” सिकंदरनं विचारलं. राजाची चोरी परवडली, देवाची कशी परवडावी?

“इगर्जीतलं असेल, नसेल. मला काय ठाऊक? आमच्या गावच्या इगर्जीत मेणबत्त्यांची दोन शमादानं आहेत रोमची, त्यांच्या बुडाला हीच छत्री, ह्याच चाव्या. लहानपणी मीच घासायचो ती.”

“शंकरपाळ्यातली ही अक्षरं बी हायत त्येच्यावर?”

कायताननं डोळे मिटून आठवून बघितलं. “शंकरपाळी आहे. आत अक्षरं न्हयत. एका शमादानावर मासा, दुसऱ्यावर तारा. हे वेगळंच.”

“मग मी आता रोमला जाऊ का काय, परत द्यायला?”

“जाऊन काय करशील? तिथं पूर्वी पाद्रीच राजा होता. सगळा मुलूख त्याचा. माझा आजा सांगायचा. आता त्याचं राज्य गेलं, दुसराच राजा आहे.”

सिकंदरनं कपाळाला हात लावला. मालक सापडला, तर त्याचं राज्यच बुडालेलं.

परत गुजरीत गेला तेव्हा सिद्धाप्पा जेवून पान लावत होता. सिकंदरनं झालं तसं सगळं सांगितलं. कारकून, किल्ल्या, पाद्री, शमादानं, मासा, तारा. सिद्धाप्पाचं पान हातातच राहिलं.

“थांब, थांब. छत्री तीच म्हणला? तिन्हींवर?”

“तीच.”

“आन् शंकरपाळ्यात तिन्हींवर येगळं?”

“व्हय.”

सिद्धाप्पानं आपल्याच मांडीवर चापट मारली. “आरं मी गाढव! चाळीस वर्षं गादीवर बसून गाढव!” त्यानं गल्ल्यातून एक रुपया काढून सिकंदरच्या पुढं आपटला. “ह्येच्यावर कोण हाय?”

“टकल्या राजा. इंग्रजांचा.”

“मग ह्यो रुपाया राजाचा का माझा?”

“तुमचा.”

“तसंच हाय त्ये! छत्री म्हंजे मालक न्हवं. तिथल्या सरकारनं चांदी कसाला लावली, खरी निघाली, ठोकला शिक्का. आन् शंकरपाळ्यात कारागिराची खूण, कुणाचा मासा, कुणाची अक्षरं. ज्यानं घडवलं त्यो. रोमच्या बाजारात इकलेल्या दर भांड्यावर ही छत्री आसणार. पाद्र्याच्या बी आन् परटाच्या बी.”

“पर माझा बाप रोमला न्हवता, फ्लॉरेन्सला व्हता.”

“इरकलचं लुगडं कोल्हापुरात नेसत न्हाईत व्हय? भांडी चालत जात्यात, बाबा.” सिद्धाप्पा मोकळा हसला. “जा, चोरी न्हाय तुझ्या बापाची. आण हिकडं, नाव घालतो.”

सिकंदरनं कटोरा पुढं केला आणि परत मागं ओढला.

“आण्णा, मग ह्येच्यावर मालकाची खूण हायच न्हाय?”

“न्हाय.”

“म्हंजे माझ्या बापाला कुणी दिला, का त्येनं इकत घेतला, का उचलला, त्ये ह्यो कटोरा सांगत न्हाय.”

सिद्धाप्पा हसायचा थांबला. “न्हाय. चांदी तिचं तिचं सांगती. माणसाचं कशाला सांगल?”

सांगू शकेल असं एकच माणूस गावात उरलं होतं. मंगळवार पेठेत हंबीरराव म्हणून एक म्हातारा होता, महाराजांच्या स्वारीबरोबर गेलेला हुजऱ्या. वय इतकं झालं होतं की घरचेही मोजायचं सोडून बसले होते. तो अंगणात उन्हाला बाजेवर पडला होता. त्याची सून विठाबाई शेणी थापत होती.

“इचारा, पर धरू नगा काय,” ती म्हणाली. “सकाळी एक सांगत्यात, दुपारी दुसरं.”

हंबीररावानं सिकंदरकडं पाहिलं आणि त्याचं तोंड उजळलं. “बादशा! कवा आलास?”

“मी बादशाचा पोरगा, काका. सिकंदर.”

“त्येच त्ये.”

सिकंदरनं कटोरा त्याच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं तो दोन्ही हातांनी धरला, दोन्ही कान चाचपले.

“पुलावर घेतला ह्यो. नदीवर पूल, आन् पुलावर सोनारांची दुकानं. हिकडनं तिकडं नुसती दुकानं.”

“पुलावर दुकानं!” विठाबाईनं शेणानं भरलेला हात हनुवटीला लावता लावता आवरला. “मग गाड्या काय पाण्यातनं जात्यात व्हय?”

“तू गप. तू बघितलायस का मी?” म्हातारा चिडला. मग त्यानं कटोरा छातीशी धरला आणि डोळे मिटले. सिकंदरला वाटलं, झोप लागली. पण तो पुन्हा बोलायला लागला आणि या वेळी त्याचा आवाज निराळा होता.

“म्हाराजास्नी अग्नी दिला त्येच्या दुसऱ्या दिशी सकाळी न्हवं का? आमी गाड्यांत सामान भरालतो. कोण कुणाशी बोलंना. थंडी ही. बादशा पायरीवर बसलाता. पोटात पाणी न्हाय, डोळ्याला डोळा न्हाय. तवा समोरच्या घरातनं एक म्हातारी आली. काळं लुगडं... लुगडं न्हवं, आपलं त्ये त्यांचं. हातात ह्यो कटोरा, पाणी भरून. कायतरी बोलली आन् बादशाच्या तोंडालाच लावला. त्यो बी प्याला. वरनं प्यायचं सुचलंच न्हाय त्येला. ओठ लावून प्याला.”

“मग?”

“मग काय, ती हात पुढं करून हुबी. ह्यो देईना. मला म्हणतो, हंबीर, माझं तोंड लागलं की रं, आता ती कशी घेईल? आरं, आपल्या गावात त्येला कोण तांब्याला हात लावून देत व्हतं? वरनं वतायचे. तोंड लागल्यालं भांडं परत कोण घेतंय? त्येला वाटलं, धुवून द्यावा. हिकडं बघतो, तिकडं बघतो, पाणी कुटं हाय? तवर गाडीवाल्यानं हाळी दिली. मीच त्येला वर वढला.”

सिकंदर बाजेच्या पायाशी उकिडवा बसला.

“गाडी हलली. म्हातारी मागनं आली पळत. हात वर करून वरडालती.”

“काय म्हणालती, काका?”

“मला त्यांची बोली येती व्हय? कोण म्हणलं, निरोप द्यायलीया. कोण म्हणलं, वाटी मागायलीया.” म्हाताऱ्यानं मान हलवली. “बोटीवर बादशानं माझं डोस्कं खाल्लं. रोज त्येच. हंबीर, ती काय म्हणली आसंल रं? हंबीर, ती काय म्हणली आसंल?”

“आन् पुलावर घेतला त्ये?”

“त्ये बी घेतलं की.”

“ह्योच कटोरा?”

हंबीररावानं कटोरा पुन्हा डोळ्यांजवळ नेला, फिरवून फिरवून पाहिला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. “ह्योच... का दुसरा व्हता? बादशा, तूच सांग की. तुझा हाय न्हवं?”

विठाबाई म्हणाली, “मी म्हणलं न्हवतं?”

घरी येऊन सिकंदरनं मेहरुन्निसाला सांगितलं. सांगताना त्याच्या लक्षात आलं की आपण पुलाची गोष्ट सोडून दिली आहे, म्हणून त्यानं तीही मागाहून सांगितली.

“म्हंजे चोरला न्हाय,” मेहरुन्निसा म्हणाली.

“दिला बी न्हाय.”

“मग काय म्हणायचं त्येला?”

“मला कळंना. त्येला बी कळलं न्हवतं.” सिकंदर भिंतीला टेकला. “मला वाटायचं, बाप गप बसतो, घासू नगा म्हणतो, म्हंजे कायतरी झाकतो. त्यो झाकत न्हवता. त्येला म्हाईतच न्हवतं काय सांगायचं.”

रशिदा उंबऱ्यात बसली होती. हाताची मेंदी वाळत होती, म्हणून तिनं दोन्ही तळवे वर करून गुडघ्यांवर ठेवले होते.

“अब्बा, सासरी इचारलं तर मी सांगीन,” ती म्हणाली. “म्हातारीनं पाणी दिलं इथपतोर सांगीन. म्होरचं म्हाईत न्हाय म्हणून सांगीन.”

“हसतील.”

“हसू देत. पर माझं नाव नगा घालू त्येच्यावर. मी काय केलंय त्येच्यासाठी?”

गुरुवारी दुपारी सिद्धाप्पानं कटोरा लाकडी ठोकळ्यावर पालथा बसवला, भिंग डोळ्याला लावलं आणि छिन्नी हातात घेतली.

“हं. रशिदा सिकंदर कल्हईवाले. एवढं सगळं बसायचं न्हाय. रशिदा एवढंच घालतो.”

“तिचं नगं.”

“मग तुझं?”

“माझं कशाला? बादशहा घाला.”

सिद्धाप्पानं भिंग वर केलं. “बापाचं? आरं, मेलेल्या माणसाचं नाव घालून लेकीला भांडं कोण देतं? आन् तूच म्हणालतास, त्येचं हाय का न्हाय ठावं न्हाय.”

“त्येचं हाय म्हणून न्हाय घालत, आण्णा. चोरला आसंल तर पाप त्येचं. दिलेला आसंल तर दुवा बी त्येलाच. जे काय आसंल त्ये त्येच्या नावानं ऱ्हाऊ दे. पोरीच्या नावानं नगं.”

सिद्धाप्पानं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. शंकरपाळ्याच्या बाजूला मोकळी जागा होती. तिथं त्यानं छिन्नी टेकवली आणि हलक्या हातानं एकेक ठोका द्यायला सुरुवात केली. गुजरीत गिऱ्हाइकांची ये-जा चालू होती. सिकंदर पायरीवर बसून प्रत्येक ठोका ऐकत होता. काम झालं तेव्हा सराफानं चांदीची कणी फुंकरीनं उडवली, पंचानं बूड पुसलं आणि कटोरा त्याच्या हातात दिला.

“बघ. बाळबोध घातलंय, ठळक.”

सिकंदरनं तो उजेडाकडं धरला. छत्री ओळखू आली. किल्ल्या ओळखू आल्या. त्यांच्या शेजारच्या नव्या, चकचकीत रेघांवर त्यानं अंगठा ठेवला आणि डावीकडून उजवीकडं सावकाश फिरवला. मग पुन्हा फिरवला.

“झकास आलंय,” तो म्हणाला.

सिद्धाप्पानं गादीवरून पुढं वाकून कटोरा त्याच्या हातातल्या हातात फिरवला आणि उलटी धरलेली अक्षरं सरळ केली.